दाराची कडी कोणत्या बाजूला आहे? गॉथिक भयकथा आणि ती घडवणाऱ्या लेखिका

ॲन रॅडक्लिफच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ (1794) या कादंबरीत एमिली नावाची अनाथ तरुणी इटलीच्या डोंगरांतल्या एका किल्ल्यात येऊन पडते. पहिल्याच रात्री तिच्या लक्षात येतं, की आपल्या खोलीला आणखी एक दार आहे आणि ते कुठल्यातरी जिन्यावर उघडतं. त्या दाराला आतून कडी नाही. बाहेरच्या बाजूला मात्र दोन अडसर आहेत. ती एक जड खुर्ची ओढून दाराला लावते आणि पडून राहते. सकाळी उठून बघते तर ते दार बाहेरून बंद केलेलं असतं. रात्री कुणीतरी जिन्याने वर येऊन गेलेलं असतं.

या प्रसंगात भूत कुठेच नाही, आणि तरी स्त्रियांनी लिहिलेल्या गॉथिक साहित्याचा सगळा गाभा त्यात आहे. भूत खरं की खोटं हा प्रश्न या कथांमध्ये येतो, पण तो मागून येतो. आधीचे प्रश्न फार व्यवहारातले असतात. दार आतून बंद करता येतं का? किल्ली कुणाकडे आहे? घर कुणाच्या नावावर आहे? आणि ही बाई जे सांगते आहे त्यावर कोण विश्वास ठेवणार? हे चार प्रश्न हाताशी ठेवून वाचलं, तर अडीचशे वर्षांपूर्वीची कादंबरीही आपोआप उलगडत जाते.

गॉथिक म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायचं तर अशी कथा, जिथे भूतकाळ संपलेला नसतो. जुनी वास्तू असते, त्या वास्तूत दडवलेला एखादा गुन्हा असतो, कुणीतरी अडकलेलं असतं, आणि अमानवी काही असण्याची शंका सतत घोंगावत असते. सुरुवात 1764 च्या अखेरीस होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रॅन्टो’ने झाली असं मानतात. त्यात आभाळातून राक्षसी आकाराचं शिरस्त्राण पडतं आणि ऐन लग्नाच्या दिवशी नवरदेव त्याखाली चिरडून मरतो. क्लारा रीव्हला हा भडकपणा खटकला. 1778 साली ‘द ओल्ड इंग्लिश बॅरन’च्या प्रस्तावनेत तिने नेमकं बोट ठेवलं: उचलायला शंभर माणसं लागतील अशी तलवार दाखवली की वाचक घाबरत नाही, हसतो. अद्भुत गोष्ट शक्यतेच्या अगदी काठावर ठेवावी, काठ ओलांडू नये. भयकथा लिहिणाऱ्याने आजही भिंतीवर लावून ठेवावा असा हा सल्ला आहे.

कायदा हेच भूत

या कादंबऱ्या ज्या इंग्लंडमध्ये लिहिल्या गेल्या, तिथला विवाहाचा कायदा माहीत नसेल तर अर्धी भीती कळतच नाही. लग्न झालं की कायद्याच्या दृष्टीने नवरा-बायको ही एकच व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. बायकोचे पैसे, दागिने, सामानसुमान त्याच्या मालकीचं होई. तिच्या जमिनीचा कारभार आणि उत्पन्न त्याच्या हाती जाई. स्वतःच्या नावाने करार करणं किंवा खटला भरणं तिला शक्य नव्हतं. लग्नाआधी विश्वस्त नेमून मालमत्ता वेगळी राखण्याची सोय होती, पण ती श्रीमंतांच्या मुलींपुरती. हे चित्र मोठ्या प्रमाणात बदललं ते 1870 आणि 1882 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या कायद्यांनी. गॉथिक कादंबरी जन्मली ती त्याच्या शंभर वर्षं आधी.

आता उडोल्फोकडे परत बघा. किल्ल्याचा मालक मोंतोनी हा एमिलीच्या आत्याचा नवरा. त्याला आत्याच्या फ्रान्समधल्या जमिनी हव्या आहेत आणि त्यासाठी तिची सही हवी आहे. ती सही देत नाही, म्हणून तिला बुरुजात कोंडलं जातं, आणि तिथे ती आजारी पडून मरते. मग हाच तगादा एमिलीच्या मागे लागतो. रात्रीचं संगीत, तटावर हिंडणारी आकृती, कुठूनसा येणारा आवाज हे सगळं या कागदाभोवती फिरत राहतं. एमिलीच्या घाबरण्याला चक्रम मुलीची कल्पनाशक्ती म्हणणारे टीकाकार ही सही विसरतात.

रॅडक्लिफचं तंत्र बारकाईने बघण्यासारखं आहे. ती आधी भुताटकी उभी करते आणि शेवटी प्रत्येक गोष्टीचा नैसर्गिक उलगडा देते. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण काळ्या पडद्याचं. एमिली एका खोलीतला पडदा बाजूला करते, आत काहीतरी बघते आणि बेशुद्ध पडते. काय बघितलं ते वाचकाला सांगितलं जात नाही. हे दुसऱ्या खंडात घडतं आणि उत्तर येतं चौथ्या खंडाच्या शेवटाकडे: किडे पडलेल्या प्रेताची ती मेणाची प्रतिकृती होती, घराण्यातल्या एका पूर्वजाला प्रायश्चित्त म्हणून रोज बघायला लावलेली. अनेकांना हा उलगडा फसवणूक वाटतो, आणि त्यांची तक्रार खोटी नाही. शेकडो पानं ताणलेली भीती मेणावर येऊन थांबली की वाचक चिडतो. पण या पद्धतीतून एक गोष्ट साधते. भुतं एकेक करून पुसली जातात आणि मोंतोनी मात्र तसाच उरतो. त्याचं स्पष्टीकरण देऊन त्याला नाहीसं करता येत नाही.

भीतीचे दोन प्रकारही रॅडक्लिफनेच स्पष्ट वेगळे केले. तिच्या मृत्यूनंतर, 1826 मध्ये छापल्या गेलेल्या निबंधात ती म्हणते, की एक भीती मनाला विस्तारते, सगळ्या जाणिवा जाग्या करते. दुसरी मनाला आक्रसते, गोठवते. पहिली येते अंधुकतेतून, अजून न घडलेल्या गोष्टीच्या चाहुलीतून. दुसरी येते प्रेत थेट समोर दिसल्यावर. ती स्वतः पहिल्या बाजूची. बाजारानेही तिला साथ दिली: उडोल्फोसाठी प्रकाशकाने 500 पौंड मोजले, आणि 1797 च्या ‘द इटालियन’साठी 800. तेव्हाच्या कादंबरीसाठी या रकमा अवाढव्य होत्या. ज्या इटलीचे डोंगर तिने पानोपानी रंगवले, तो देश तिने कधी पाहिलाही नव्हता. प्रवासवर्णनं आणि चित्रं यांवरून तिने ते उभे केले.

म्हणून सगळ्याच लेखिका संयमी होत्या असं समजू नये. शार्लट डेकरच्या ‘झोफ्लोया’मध्ये (1806) नायिका स्वतः विष घालते, खून करते, आणि तिचा साथीदार प्रत्यक्ष सैतान निघतो. तिथे कुठलाच उलगडा नाही. बायकांची भयकथा म्हणजे छळ सोसणाऱ्या नायिकेची कथा, ही व्याख्या या एका पुस्तकानेच मोडते.

फ्रँकेन्स्टाईन: कोणती प्रत वाचायची

मेरी शेलीचा जन्म 30 ऑगस्ट 1797 चा. बाळंतपणातल्या संसर्गाने तिची आई, स्त्री-हक्कांची पुरस्कर्ती मेरी वुलस्टनक्राफ्ट, अकराव्या दिवशी गेली. 1815 मध्ये मेरीला स्वतःला दिवस भरण्याआधीच मुलगी झाली आणि ती काही दिवसांत वारली. बाळ फक्त थंड पडलं होतं, शेकोटीजवळ चोळल्यावर पुन्हा जिवंत झालं, असं स्वप्न पडल्याची नोंद तिच्या रोजनिशीत आहे. पुढच्या वर्षी जिनिव्हाच्या सरोवराकाठी, तांबोरा ज्वालामुखीच्या उद्रेकामुळे बिघडलेल्या त्या पावसाळी उन्हाळ्यात, तिने कादंबरीला हात घातला. तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

या पुस्तकाबद्दल दोन गैरसमज घट्ट बसले आहेत. फ्रँकेन्स्टाईन हे निर्मात्याचं नाव. त्याने घडवलेल्या जीवाला नावच नाही, आणि ते नसणं हाच त्याच्यावरचा पहिला अन्याय. दुसरं, वीज कडाडते आणि प्रेत उठून बसतं, हे दृश्य सिनेमाचं आहे. कादंबरीत नोव्हेंबरमधली पावसाळी रात्र आहे, विझत आलेली मेणबत्ती आहे, आणि निस्तेज पिवळा डोळा उघडतो. निर्माता त्याच क्षणी खोलीतून पळून जातो. गुन्हा तिथे घडतो. जीव निर्माण करण्यापेक्षा त्याला टाकून जाणं शेलीला जास्त भयंकर वाटतं. आई होण्याची, बाळ दगावण्याची, नको असलेल्या मुलाची भीती या कथेत आहे, असं एलन मोअर्स या समीक्षिकेने 1976 साली मांडलं. ‘स्त्रियांचं गॉथिक’ ही संज्ञाही तिच्यामुळेच रुळली.

रचना तीन थरांची आहे: उत्तर ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन आपल्या बहिणीला पत्रं लिहितो, त्या पत्रांत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईनची हकीकत येते, आणि व्हिक्टरच्या हकिकतीत त्या जीवाची. म्हणजे त्या जीवाचं बोलणं दोन पुरुषांच्या हातांतून जाऊन आपल्यापर्यंत पोचतं. वाचताना दर वेळी हे लक्षात ठेवावं लागतं.

1818 ची पहिली आवृत्ती निनावी होती, 500 प्रतींची. प्रस्तावना मेरीचा नवरा, कवी पर्सी शेली याने लिहिली होती, त्यामुळे पुस्तकही त्याचंच असावं असा अनेकांचा समज झाला. मेरीचं नाव 1823 मध्ये छापलं गेलं. 1831 मध्ये तिने मजकूर बराच बदलला: एलिझाबेथ ही व्हिक्टरची आतेबहीण न राहता दत्तक घेतलेली अनाथ मुलगी झाली, आणि व्हिक्टरच्या चुकांवर नियतीची सावली गडद झाली. पहिल्यांदा वाचणाऱ्याने 1818 चा मजकूर घ्यावा. त्यात माणसाची जबाबदारी जास्त उघडी आहे.

माळ्यावरची बायको

शार्लट ब्रॉन्टीच्या ‘जेन एअर’मध्ये (1847) थॉर्नफिल्ड या वाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर घरमालक रोचेस्टरची पहिली बायको बर्था कोंडलेली आहे. तिचं हसणं ऐकू येतं, तिने लावलेली आग दिसते, पण तिच्या तोंडी संपूर्ण कादंबरीत तिची बाजू नाही. ती वेडी आहे हे आपल्याला कोण सांगतं? तिला कोंडणारा नवरा. लग्नात तिच्याबरोबर तीस हजार पौंड आले होते, हा तपशील सहज वाचून पुढे जायचा नाही. डोमिनिकात जन्मलेल्या जीन ऱ्हीसने 1966 मध्ये ‘वाईड सारगासो सी’ लिहून हीच गोष्ट बर्थाच्या बाजूने सांगितली. तिथे तिचं खरं नाव आंत्वानेत आहे आणि बर्था हे नाव नवऱ्याने लादलेलं आहे. नवऱ्याला मात्र ऱ्हीस नावच देत नाही. ही दोन पुस्तकं पाठोपाठ वाचावीत.

व्हिक्टोरियन काळात मासिकांच्या नाताळ अंकांना भूतकथा लागत, आणि त्यांतल्या कितीतरी बायकांनी पुरवल्या. एलिझाबेथ गॅस्केलच्या ‘द ओल्ड नर्सेस स्टोरी’चा (1852) शेवट बदलावा, भुतं फक्त लहान मुलीलाच दिसावीत, असं संपादक डिकन्सचं म्हणणं होतं, गॅस्केलने ऐकलं नाही, तिच्या कथेत ती सगळ्यांना दिसतात. शार्लट रिडेलच्या ‘द अनइनहॅबिटेड हाऊस’मध्ये (1875) भुताटकीच्या घराला भाडेकरू टिकत नाहीत आणि गोष्ट वकिलाच्या कचेरीत रंगते. व्हायोलेट पॅजेट ‘व्हर्नन ली’ या पुरुषी वाटणाऱ्या नावाने लिहायची; तिचा ‘हॉन्टिंग्ज’ हा संग्रह 1890 चा.

पिवळा कागद

शार्लट पर्किन्स गिलमनची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा जानेवारी 1892 मध्ये छापून आली. जेमतेम सहा हजार शब्दांची कथा. त्या काळी थकवा आणि उदासी आलेल्या बायकांना अमेरिकन डॉक्टर सायलस वीअर मिचेलचा विश्रांती-उपचार देत: कित्येक आठवडे अंथरुणात, एकांतात, भरपूर दूध आणि जड आहार, मालीश, आणि लिहिणं-वाचणं बंद. बाळंतपणानंतर खचलेली गिलमन 1887 मध्ये हा उपचार घेऊन आली होती. घरी जाताना तिला सांगण्यात आलं, की दिवसाकाठी बौद्धिक काम दोन तासांच्या वर नको, आणि लेखणी किंवा कुंचला आयुष्यात पुन्हा हाती धरायचा नाही. हा सल्ला पाळताना आपण वेडाच्या अगदी टोकाला पोचलो होतो, असं तिने 1913 मध्ये लिहिलं.

कथेतल्या निवेदिकेचा नवरा डॉक्टर आहे, भाऊही डॉक्टर. दोघांचं मत एकच. नवरा दुष्ट नाही. प्रेमळ आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडता येत नाही. तिला माडीवरच्या खोलीत ठेवलं जातं. खिडक्यांना गज, भिंतीत कड्या, जिन्याला फाटक, पलंग जमिनीला ठोकून पक्का केलेला, आणि भिंतींना पिवळा नक्षीदार कागद. ही पूर्वी मुलांची खोली असणार, असं ती म्हणते, आणि वाचकही मान डोलावतो.

पुढे गिलमन काय करते ते ओळीओळीने बघा. भिंतीला खालच्या अंगाला, सगळ्या खोलीभर गेलेला एक लांबलचक घासल्याचा पट्टा आहे. कुणी केला, कशासाठी, असा प्रश्न निवेदिकेला पडतो. तिची नणंद सांगते की कागदाचे पिवळे डाग सगळ्या कपड्यांना लागतात. पलंगाचं लाकूड चावलेलं आहे. केवढी धसमुसळी मुलं होती, असं ती नवलाने म्हणते. आणि थोड्याच ओळींनंतर सांगते, की पलंग हलेना म्हणून संतापून आपण त्याच्या कोपऱ्याचा तुकडा चावून काढला. शेवटच्या पानावर ती भिंतीशी रांगते आहे आणि तिचा खांदा त्या पट्ट्यात अगदी बरोबर बसतो. आता मागे जाऊन सगळं पुन्हा वाचावं लागतं. ते डाग केव्हापासूनचे? पलंग आधी कुणी चावला? खोली खरंच मुलांची होती का? लेखिका कशाचंच उत्तर देत नाही, फक्त खुणा नेमक्या जागी ठेवते. निवेदिकेला कागदाच्या नक्षीमागे दिसणारी बाई खरी की भास, हा वाद घालत बसलं तर या खुणा हातून निसटतात.

‘अटलांटिक मंथली’ या मासिकाच्या संपादकाने ही कथा परत पाठवली. कारण दिलं, की मला जितकं दुःख झालं तितकं इतरांना दिलं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही.

विसाव्या शतकात किल्ला गेला आणि घर आलं. डॅफ्ने द्यू मोरियेच्या ‘रिबेका’मध्ये (1938) नवी बायको मँडर्ली या बड्या घरात येते आणि पहिल्या बायकोच्या सावलीत विरत जाते. मेलेल्या बाईचं नाव मुखपृष्ठावर आहे, जिवंत निवेदिकेचं नाव पुस्तकभर नाही. भूत एकही नाही. रिबेकाच्या टेबलावरचे नीटस कप्पे, रुमालावर भरतकामात काढलेलं ‘आर’ हे अक्षर, आणि कारभारीण मिसेस डॅनव्हर्सचा थंड आवाज, एवढ्यावर काम भागतं. हिचकॉकचा 1940 चा सिनेमा बघून कादंबरी सोडू नये. कादंबरीत नवऱ्याने रिबेकाला गोळी घातलेली आहे. पडद्यावरचा खुनी शिक्षेविना सुटू नये, या तेव्हाच्या हॉलिवूड-संहितेच्या नियमामुळे सिनेमात तो अपघात झाला. त्यामुळे मूळचा सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रश्नच गळाला: खुनाची कबुली ऐकून निवेदिकेला हायसं का वाटतं?

शर्ली जॅक्सनचं ‘द हॉन्टिंग ऑफ हिल हाऊस’ (1959) माझ्या मते या सगळ्या परंपरेचं शिखर आहे. बत्तीस वर्षांच्या एलिनॉरने अकरा वर्षं आजारी आईची सेवा केली आहे. तिचं स्वतःचं असं काहीच नाही. हिल हाऊसमधला एकही कोन काटकोनात नाही, दारं आपोआप मिटतात, आणि भिंतीवर तिच्या नावाने तिलाच घरी बोलावणारी अक्षरं उमटतात. इथे जॅक्सन जुनी यंत्रणा उलटी फिरवते. आधीच्या नायिका घरातून सुटायला धडपडत. एलिनॉरला राहायचं आहे, कारण बोलावणारं हे तिच्या आयुष्यातलं पहिलंच घर आहे. एका रात्री ती अंधारात घाबरून त्या घरात सोबत राहायला आलेल्या थिओडोराचा हात घट्ट धरून ठेवते. दिवा लागतो तेव्हा थिओडोरा खोलीच्या पलीकडच्या पलंगावर असते. जॅक्सन तिथे प्रकरण तोडते. तो हात कुणाचा, याबद्दल पुढे खुलासा नाही, वर्णन नाही. रॅडक्लिफने पडद्यामागचं सांगितलं आणि वाचक चिडले. जॅक्सनने सांगितलं नाही आणि तो हात वाचकाच्या हातात राहिला.

टोनी मॉरिसनच्या ‘बिलव्हड’ने (1987) हीच चौकट गुलामगिरीच्या इतिहासावर ठेवली. मूळ घटना 1856 ची: केंटकीतून पळालेली मार्गारेट गार्नर पकडली जाताना तिने आपल्या लहान मुलीला स्वतःच्या हाताने मारलं, मुलगी परत गुलामीत जाऊ नये म्हणून. घराच्या मालकीचा जुना प्रश्न इथे माणसाच्या मालकीचा होतो. मॉरिसन त्या मारलेल्या मुलीचं भूत खरं मानते, जेवायला बसवते, आणि त्याचा उलगडा देण्याचा विचारही करत नाही. तो दिला असता तर त्या मुलीचं मरण पुन्हा एकदा आईच्या मनाचा खेळ ठरलं असतं.

नव्याने वाचायला घेणाऱ्याने काळाच्या क्रमाने जाऊ नये. उडोल्फोपासून सुरुवात करणारे बरेच जण निसर्गवर्णनांतच थकतात. आधी ‘द यलो वॉलपेपर’ एका बैठकीत, आणि लगेच दुसऱ्यांदा. मग हिल हाऊस, मग रिबेका. त्यानंतर ‘जेन एअर’ आणि ‘वाईड सारगासो सी’ ही जोडी. फ्रँकेन्स्टाईनच्या तीन थरांशी तोवर गट्टी जमते. उडोल्फो सगळ्यात शेवटी. त्यातल्या कविता पहिल्या वाचनात गाळल्या तरी कथेचं काही बिघडत नाही. आणि अभ्यासू आवृत्त्यांच्या प्रस्तावना पुस्तक संपल्यावरच उघडाव्यात, कारण त्या शेवट माहीत आहे असं धरूनच लिहिलेल्या असतात.